माथेरानच्या पावसात घोड्यावर बसताना काय घालावं

पावसाळ्यात माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, म्हणजे जिथे गाडी सोडावी लागते तिथे, उतरलेल्या माणसाचे मी आधी पाय बघतो. बहुतेकांच्या पायात फ्लोटर, अंगात जीन्स आणि हातात छत्री असते. पायी फिरायला ठीक आहे, पण घोड्यावर यातलं काहीच चालत नाही.

जीन्स सगळ्यात वाईट. ओली झाली की जड होते, आतली जाड शिवण खोगिरावर घासते आणि पॅनोरामा पॉइंटला जाऊन येईपर्यंत मांड्या सोलवटून निघतात. त्यापेक्षा अंगासरशी बसणारी, ताणली जाणारी सिंथेटिक ट्रॅक पँट किंवा जाड लेगिंग घाला. पोटरीपर्यंत मोजे चढवा, म्हणजे रिकिबीचा (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीचा) पट्टा चिमटे काढणार नाही. रेनसूटची प्लॅस्टिकची पँट मात्र बॅगेतच राहू द्या. ओल्या खोगिरावर ती सटकते, मांड बसत नाही आणि तोल सावरायला माणूस लगाम ओढतो. ते सगळं घोड्याच्या तोंडावर येतं.

माथेरान साधारण 800 मीटर उंचीवर आहे. चालताना अंग गरम राहतं, पण सावकाश चालणाऱ्या घोड्यावर आपण नुसते बसलेले असतो आणि पॉइंटवरचा वारा थेट छातीवर येतो. सुती बनियन भिजलं की अंगाला चिकटून गारठवतं. आत ड्रायफिट टीशर्ट, वर पातळ लोकरी स्वेटर घाला. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आपले धनगर पावसात घोंगडी घेतात ते त्यासाठीच.

रेनकोट गुडघ्यापर्यंत लांब आणि मागे चीर असलेला हवा, म्हणजे खोगिराच्या दोन्ही अंगांना पडून मांड्या झाकतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, नको. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे पाठीवर काही फडफडलं की ते त्याला दिसतं, आणि घाबरलेला घोडा आधी पळतो. छत्री उघडली तरी तेच. इथल्या पावसात वाढलेले घोडे शहाणे असतात, पण तुमचा रेनकोट त्याला नवाच असतो. तो जमिनीवर उभं असतानाच अंगात घाला, घोड्याला हुंगू द्या, खांद्याजवळ थोडा खसखसवा, मग बसा. वर बसून रेनकोट घालणं-काढणं कधीच करू नका. दोन्ही हात बाह्यांत अडकले की लगाम सुटतो, आणि तांबड्या मातीच्या निसरड्या उतारावर तेवढा एक क्षण पुरतो.

बुटाला इंचभर टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. खोल खाचांचे ट्रेकिंग शूज आणि रुंद गमबूट अडकू शकतात. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सुटतेय ना, ते बसल्यावर घोडेवाल्याकडून बघून घ्या. थंडीसाठी दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की पाय जास्तच गार पडतात.

ओला लगाम हातातून निसटतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, तळव्यावर रबरी ठिपक्यांचे हातमोजे पुरेसे आहेत. हेल्मेट घालाच, पण त्याखाली रेनकोटची टोपी ओढू नका. बाजूचं दिसत नाही आणि घोडेवाल्याची हाक ऐकू येत नाही. ओढणी, मफलर आत खोचा.

कोरडे मोजे आणि टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि उतरल्या उतरल्या बदला. चामड्याचे बूट शेगडीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदलत राहा.