वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी वर्गात मोबाइलचा वापर

वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला धड्याचा आशय कळतो, पण अक्षरे जुळवण्यातच त्याची शक्ती संपते. अशा वेळी शिक्षकांकडचा साधा अँड्रॉइड फोनही उपयोगी पडतो.

प्रथम सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात जाऊन ‘सिलेक्ट टू स्पीक’ (पडद्यावरचा निवडलेला मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) सुरू करावे, वाचनासाठी मराठी आवाज डाउनलोड करून घ्यावा आणि वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवावा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. मात्र त्यातला मजकूर नीट वाचला जात नसेल, तर छापील पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने तो ऐकवावा. पान सपाट ठेवून खिडकीकडची तिरीप टाळावी, कारण गुळगुळीत कागद चमकला की ओळी गळतात. ‘ख’ कधी ‘रव’ असाही वाचला जातो. म्हणून उतारा आधी स्वतः ऐकून पाहणे आवश्यक आहे.

खरे काम यापुढे सुरू होते. मुलाने एका कानात इअरफोन घालावा, म्हणजे शिक्षकांचा आवाजही त्याच्यापर्यंत पोहोचेल, आणि ऐकताना शब्दाखालून बोट फिरवावे. बोट मागे राहिले तर वेग आणखी कमी करावा. दोन-तीन वाक्यांनंतर थांबून तीच वाक्ये त्याच्याकडून वाचून घ्यावीत. नुसते ऐकवत राहिल्यास डोळे पानावरून उठतात, असा माझा अनुभव आहे.

परीक्षेतील सवलतींचा विचार वेगळा करावा लागतो. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा (वाचन-अक्षमता हा तिचाच एक प्रकार) समावेश आहे, त्यामुळे पालकांना या अक्षमतेच्या प्रमाणपत्राबद्दल वेळेवर सांगावे.