पाल कोरडी, बेडूक ओला: लहान मुलांना सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांची ओळख अशी करून द्या

प्राथमिकच्या वर्गात हा विषय काढला की आधी "ईऽऽ!" ऐकू येतं. येऊ द्या. दोन मिनिटं मनसोक्त ईऽऽ झालं की विचारा, "साप हाताला कसा लागत असेल?" बरीच मुलं "गिळगिळीत" म्हणतील. तिथूनच सुरुवात करा, कारण ते उत्तर चूक आहे. साप कोरडा असतो. पाल, सरडा, कासव, मगर हे त्याचे भाऊबंद, सगळे खवलेवाले. बेडूक आणि सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) ओलसर कातडीचे. व्याख्या फळ्यावर लिहायची घाई नको. एवढा फरक कळला की बाकीचं मागून येतं.

आता तो फरक हाताने पाहू द्या. सारखी दोन फडकी भिजवून पिळा. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, दुसरं उघडं ठेवा, दोन्ही उन्हात. तासाभराने मुलांनाच चाचपून पाहायला सांगा. पिशवीतलं ओलं राहिलेलं फडकं म्हणजे पाल, कारण खवल्यांची कातडी आतलं पाणी सहजी उडू देत नाही; उघडं, वाळलेलं फडकं म्हणजे बेडूक. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि त्यासाठी ती ओली राहावी लागते. म्हणून तो ओल सोडून फार लांब जात नाही. अंड्यांचंही तसंच. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, भोवती नुसती जेली. उलट समुद्री कासव जन्मभर पाण्यात राहतं, पण कवचाची अंडी घालायला मादी वाळूवर येते.

सापाची कात मिळाली तर सोनं! पारदर्शक पिशवीत घालून भिंगाखाली द्या आणि डोळ्यांची जागा शोधायला सांगा. तिथे काचेसारखं झाकण दिसेल. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. (कात म्हणजे मेलेला साप नव्हे, हे आधीच सांगून टाका.)

बेडकाच्या वाढीची चित्रं क्रमाने लावायचा खेळ घ्या. बेडूकमाशाला आधी पुढचे पाय फुटतात की मागचे? पैज लावू द्या. मागचे आधी दिसतात. आणि त्याची शेपूट पालीसारखी तुटत नाही, अंगातच जिरते.

जिवंत प्राणी जिथे असेल तिथेच, लांबून पाहा. बेडकाला हाताळू नये. आपल्या हातावरचा साबण, क्रीम त्याच्या कातडीतून आत जातं. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून चुकून स्पर्श झालाच तर हात साबणाने धुवायचे. घाबरणाऱ्या मुलाला पुढे ढकलू नका. आणि पाल दिसताच तुम्हीच किंचाळत असाल, तर हा तास सरळ सहकाऱ्याला द्या. मुलं शब्दांपेक्षा किंकाळी लवकर शिकतात.

शेवटी पाल आणि सॅलॅमँडरची चित्रं शेजारीशेजारी ठेवा. दोघांना चार पाय, लांब शेपूट. कोण कोणत्या गटातला, आणि पुरावा काय? खवले शोधतील, कोणी बोटांची नखं पाहील (सॅलॅमँडरला ती सहसा नसतात). वाद रंगला तर उत्तर लगेच सांगू नका.