एमएस्सी गणित-संख्याशास्त्र: विषय निवडताना या चुका टाळा

विषयनिवडीचा फॉर्म भरायची मुदत उद्या संपणार असते, आणि निवड होते आज रात्री. मित्र काय घेतोय, कोणते सर मार्क सढळ देतात, सकाळी आठचा तास कुठल्या विषयाला नाही, असल्या गोष्टींवर. फटका लगेच बसत नाही, तिसऱ्या सेमिस्टरला बसतो. तोपर्यंत दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

पहिल्या सेमिस्टरपासून पुढे आखत जाणे. सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि सगळ्यात जास्त होणारीही हीच. आखणी शेवटाकडून मागे करायची असते. समजा तुम्हाला ब्राउनियन मोशन आणि मार्टिंगेल असलेला स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा (काळानुसार यादृच्छिकपणे बदलणाऱ्या राशींचा) पेपर घ्यायचा आहे. त्याआधी मेझरवर आधारलेली प्रॉबॅबिलिटी हवी, तिच्याआधी मेझर थिअरी (लांबी, क्षेत्रफळ यांसारख्या मापांचा सर्वसाधारण सिद्धांत), आणि मेझर थिअरीआधी लिमिट, सातत्य यांच्या काटेकोर सिद्धतांचं पक्कं रिअल अ‍ॅनालिसिस. झाल्या ना चार कड्या? दोन वर्षांच्या पदवीत सेमिस्टरही चारच. म्हणजे 'अ‍ॅनालिसिस दुसऱ्या सेमिस्टरला बघू' असं म्हटलं त्याच दिवशी शेवटची कडी तुटली, फक्त ते कळायला वर्ष लागतं. पदवीला अ‍ॅनालिसिस चांगलं झालेलं असेल तर एक सेमिस्टर हाताशी राहतं, एरवी नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. माहितीपत्रकात छापलेले सगळे इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक पेपर, दर वर्षी चालत नाहीत. प्रगत पेपर बऱ्याच ठिकाणी वर्षाआड असतात, शिकवणारे रजेवर गेले की तेही नाही. माहितीपत्रकावर विसंबू नका, मागच्या तीन-चार वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं मिळवा आणि त्यावरून अंदाज बांधा.

'लिनिअर अल्जिब्रा झालंय की पदवीला.' काय झालंय? मॅट्रिक्सच्या ओळी वजा करून समीकरणं सोडवणं झालंय, आयगेन व्हॅल्यू काढणं झालंय. लिनिअर मॉडेल्सच्या पेपरला लागतं ते वेगळंच. एक उदाहरण जवळून पाहू. रिग्रेशनमध्ये एररच्या व्हेरिअन्सचा अंदाज काढताना रेसिड्युअलच्या (प्रत्यक्ष मूल्य आणि मॉडेलने दिलेलं मूल्य यांतल्या फरकाच्या) वर्गांची बेरीज 'एन वजा पी'ने भागतात, एन म्हणजे निरीक्षणं आणि पी म्हणजे मॉडेलमधले गुणांक. का भागतात? 'फॉर्म्युला आहे' हे उत्तर असेल तर पाया कच्चा आहे. निरीक्षणांचा व्हेक्टर एन मितींच्या अवकाशात असतो. लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे ही वर्गांची बेरीज लहानात लहान ठेवणारी पद्धत, त्याचं पी मितींच्या उपअवकाशावर प्रोजेक्शन घेतं. रेसिड्युअल उरतो त्या उपअवकाशाला लंब असलेल्या भागात, आणि त्या भागाच्या मिती एन वजा पी. संपलं. हे चित्र डोळ्यांसमोर असलेल्याला अनोव्हा (व्हेरिअन्सची विभागणी करून गटांची तुलना करायची पद्धत) म्हणजे पायथागोरसचा प्रमेयच वाटतो, नसलेला तक्ते पाठ करत बसतो. तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला इनर प्रॉडक्ट, प्रोजेक्शन, क्वाड्रॅटिक फॉर्म आणि सिंग्युलर व्हॅल्यूंपर्यंत नेणारा लिनिअर अल्जिब्रा घ्या. तोच पुन्हा कशाला, असं वाटलं तरी घ्या.

संख्याशास्त्रवाल्यांनी अ‍ॅनालिसिस टाळणे. 'आम्हाला डेटा बघायचाय, एप्सिलॉन-डेल्टा कशाला?' ठीक. शून्य ते थीटा (थीटा ही आपल्याला शोधायची अज्ञात संख्या) या युनिफॉर्म डिस्ट्रिब्युशनमधून एन निरीक्षणं घ्या. अनबायस्ड, म्हणजे सरासरीने खरं उत्तर देणाऱ्या, एस्टिमेटरचा व्हेरिअन्स किती खाली जाऊ शकतो याची मर्यादा क्रामर-राव बाउंड सांगतो. त्याच्या सूत्रात डोळे मिटून आकडे घातले तर मर्यादा येते थीटाचा वर्ग भागिले एन. आता निरीक्षणांतलं सर्वांत मोठं मूल्य घ्या आणि त्याला 'एन अधिक एक भागिले एन'ने गुणा. हा अनबायस्ड एस्टिमेटर झाला. त्याचा व्हेरिअन्स भरतो थीटाचा वर्ग भागिले 'एन गुणिले एन अधिक दोन', म्हणजे त्या तथाकथित मर्यादेच्या कितीतरी खाली! प्रमेय चुकलेलं नाही. डिस्ट्रिब्युशनची कडाच थीटावर अवलंबून असल्यामुळे डेरिव्हेटिव्ह इंटिग्रलच्या आत नेता येत नाही, आणि सिद्धता उभी आहे ती नेमक्या त्याच पायरीवर. पुस्तकात 'रेग्युलॅरिटी कंडिशन्स' म्हणून एका ओळीत उरकलेल्या अटी त्या याच. अ‍ॅनालिसिस न केलेला विद्यार्थी ती ओळ वगळून पुढे जातो.

मेझर थिअरीचं मात्र मी सरसकट सांगणार नाही. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये प्रॉबॅबिलिटी मेझरच्या पायावर बसवली हे खरं, आणि पीएचडी करायची असेल किंवा थिअरीत राहायचं असेल तर तिच्यावाचून सुटका नाही. पण उपयोजित कामाकडे जायचं नक्की असेल, तर तेच क्रेडिट सॅम्पलिंग, डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स आणि जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्सवर घालवणं शहाणपणाचं. अजून काहीच ठरलं नसेल तर मेझर थिअरी घ्या. नोकरी करता करता सॅम्पलिंग वाचून शिकणारे बरेच दिसतात, मेझर थिअरी तशी शिकलेला मला तरी भेटलेला नाही.

क्रेडिट सारखे म्हणजे कष्ट सारखे, असं समजणे. मी एका सेमिस्टरला टोपोलॉजी, अल्जिब्रा आणि मेझर थिअरी एकत्र घेतली होती. कागदावर बारा क्रेडिट, इतरांइतकेच. पण तिन्हींचे प्रॉब्लेम शीट एकाच आठवड्यात यायचे आणि सिद्धता काही ठरल्या वेळेत सुचत नाही. पास झालो, पण अल्जिब्रातली गाल्वा थिअरी मला पुढे स्वतःहून पुन्हा शिकावी लागली. तेव्हापासून कुणी विचारलं की सांगतो: सिद्धतांचे पेपर एका वेळी दोन, जोडीला एक आर किंवा पायथनमध्ये हात चालवायचा.

नावावर जाणे. 'प्रॉबॅबिलिटी' नावाचा एक पेपर फाशांपासून सुरू होतो, दुसरा मेझर थिअरीतल्या सिग्मा फील्डपासून. 'मल्टिव्हेरिएट अ‍ॅनालिसिस' आणि 'स्टॅटिस्टिकल लर्निंग' दोन्ही घेतले तर प्रिन्सिपल कंपोनंट्स आणि डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस दोनदा व्हायची बरीच शक्यता असते. सिलॅबसपेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका खरं बोलतात.

आणि चूक होऊन गेली असेल तर? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तासाला काहीच डोक्यात शिरत नसेल, तर आधी दुखणं कुठलं ते पाहा. त्या विषयाच्या आधीचा जो पेपर असेल, त्याची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका घ्या आणि पुस्तक मिटून दोन तास बसा. निम्मीही सुटली नाही तर गळती खालच्या मजल्यावर आहे, चालू विषयाला जास्त तास देऊन ती थांबणार नाही. विषय सोडायची मुदत पाहा, सोडा आणि जमलं तर नुसते तास ऐकत राहा, म्हणजे पुढच्या वेळी व्याख्या तरी ओळखीच्या असतील. प्रश्नपत्रिका बऱ्यापैकी सुटली तर अडचण वेळेची आहे. मग हा विषय ठेवा, दुसरा एखादा हलका करा.

प्रबंधाबद्दल एकच. विषय ठरवायला गाइडकडे जाल तेव्हा 'सर, यासाठी माझे कुठले पेपर झालेले हवेत?' हे दुसऱ्या सेमिस्टरच्या आतच विचारून घ्या. उत्तरात आलेला पेपर येत्या वर्षी चालणार नसेल, तर विषय बदलायला तेव्हा निदान वेळ असतो.