खोल समुद्रातील तेलसाठ्याची घोषणा कशी वाचावी

खोल समुद्रात मोठा तेलसाठा सापडल्याची बातमी वाचताना सर्वप्रथम त्यातला आकडा नेमका कशाचा आहे, हे पाहावे. खडकात एकूण किती तेल आहे हा एक अंदाज असतो आणि त्यांपैकी किती वर काढता येईल हा दुसरा. सर्वसाधारणपणे एकूण साठ्याच्या २० ते ४० टक्केच तेल हाती लागते. बातमीत हा भेद स्पष्ट केलेला नसेल, तर त्या आकड्यावर पुढचा कोणताही हिशेब मांडू नये.

ब्राझीलच्या तुपी क्षेत्राचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. समुद्रतळाखालील सांतोस या गाळाच्या खोऱ्यात, रिओ दि जानेरोच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे ते तीनशे किलोमीटर अंतरावर हा साठा २००६ मध्ये सापडला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पेट्रोब्रास कंपनीने तेथून ५०० ते ८०० कोटी पिंपे (बॅरल) तेल आणि वायू काढता येतील, असे जाहीर केले. हा आकडा काढता येण्याजोग्या साठ्याचा होता, ही जमेची बाजू. परंतु खालच्या व वरच्या अंदाजांत ३०० कोटी पिंपांचे अंतर होते, हेही तितकेच महत्त्वाचे. असे अंतर दिसले की, अंदाज किती विहिरींवर आधारलेला आहे आणि चाचणीत प्रत्यक्ष किती तेल वाहिले, हे शोधावे. तुपीच्या पहिल्या विहिरीतून चाचणीत दिवसाला सुमारे ४,९०० पिंपे तेल मिळाले होते आणि घोषणेपूर्वी दुसरी विहीरही खोदून झाली होती. नुसते तेल ‘आढळले’ असे म्हणणारी, चाचणीचा उल्लेखही नसलेली घोषणा याहून पुष्कळ कच्ची समजावी.

त्यानंतर खोली आणि खडक पाहावेत, कारण खर्च तेथेच ठरतो. तुपीत पाणीच सुमारे २,१०० मीटर खोल आहे. त्याखाली गाळाचे खडक, मग सुमारे दोन किलोमीटर जाडीचा मिठाचा थर आणि त्याच्याही खाली तेल धरून ठेवणारा चुनखडक, अशी रचना आहे. मीठ वरून घट्ट दिसत असले, तरी एवढ्या दाबाखाली आणि उष्णतेत ते हळूहळू सरकते, खोदलेल्या छिद्रावर चहूबाजूंनी दाबत येते आणि भूकंपीय सर्वेक्षणात खडकांचे चित्र मिळवण्यासाठी खाली सोडलेल्या लहरी वाकवून खालच्या खडकाचे चित्र धूसर करते. याच थरातून गेलेल्या पराती या आधीच्या विहिरीवर सुमारे २४ कोटी डॉलर खर्च झाले होते. तेलासोबत येणाऱ्या वायूचाही विचार करावा. तुपीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड बराच असल्याने तो वेगळा करून पुन्हा खडकात सोडण्याची सोय तरंगत्या उत्पादन जहाजांवरच करावी लागली.

तेल कधी येईल, या प्रश्नाचे उत्तर वर्षांत द्यावे. उथळ पाण्यातील मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तुपीत मे २००९ मध्ये दीर्घ मुदतीची चाचणी आणि ऑक्टोबर २०१० मध्ये दिवसाला एक लाख पिंपे क्षमतेच्या जहाजावर नियमित उत्पादन सुरू झाले. गयानातील लिझा साठ्याला मे २०१५ ते डिसेंबर २०१९ एवढा काळ लागला आणि खोल पाण्यातील कामाचा हा वेग खरोखर वाखाणण्याजोगा मानला पाहिजे.

साठ्याचा आवाका कळण्यासाठी त्याला वापराने भागावे. डिसेंबर २०१० मध्ये पेट्रोब्रासने तुपीचा काढता येण्याजोगा साठा सुमारे ६५० कोटी पिंपे सांगितला. जग दिवसाला साधारण १० कोटी पिंपे तेल वापरते. म्हणजे एवढे प्रचंड क्षेत्रही जगाला जेमतेम ६५ दिवस पुरेल. मात्र ते तेल अनेक दशकांत वर येते, त्यामुळे देशाच्या दृष्टीने एकूण साठ्याइतकेच दैनंदिन उत्पादनालाही महत्त्व असते.

उत्पादन सुरू झाल्यावरही पडताळणी थांबवू नये. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्रात एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला, दिवसाला आठ कोटी घनमीटरचे उद्दिष्ट होते, पण २०१० नंतर उत्पादन झपाट्याने घसरले आणि साठ्याचे अंदाज खाली आणावे लागले. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांचे मासिक उत्पादन मूळ आराखड्याशी ताडून पाहावे आणि विहिरींत पाणी किंवा वाळू येऊ लागल्याचा उल्लेख आढळल्यास घोषणेतील आकडा बाजूला ठेवून सुधारित अंदाजच धरावा.