नान्नजच्या काळविटाचं वय फोटोवरून

सोलापूरहून नान्नजच्या माळावर कॅमेरा घेऊन जाणारे बहुतेक जण काळाकुळकुळीत नर शोधतात, आणि जेवढा काळा तेवढा म्हातारा असं धरून चालतात. रंगावर एवढा भरवसा ठेवू नका. पावसाळ्यानंतर गडद झालेला नर उन्हाळ्यात चक्क तपकिरी दिसतो. खरं वय शिंगं सांगतात. काळविटाची शिंगं चितळासारखी गळत नाहीत, आयुष्यभर टिकतात.

म्हणून एक तरी फोटो नीट बाजूने काढा, डोकं आणि कान दोन्ही येतील असा. पहिल्या वर्षात शिंगं साधी, सरळ, खुंटीसारखी असतात. दुसऱ्या वर्षी पीळ दिसू लागतो, अंग मात्र अजून मादीसारखं बदामीच. तीन पीळ, शिंगं कानांच्या दुपटीहून बरीच उंच आणि मान भरलेली दिसली, की पूर्ण वाढलेला नर समजा. त्यापुढे नेमकं वर्ष सांगायच्या फंदात पडू नये, कारण शिंगांची टोकं झिजतात, मोडतात. माद्यांना सहसा शिंगं नसतात, तिथे हा हिशेब लागूच नाही.

एक्स्पोजर पोटाच्या पांढऱ्यावर धरा, नाहीतर पांढरं पार उडून जातं. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि शिंगांचे पीळ पुसट येतात, तेव्हा सकाळ गाठा. गाडीतूनच फोटो घ्या. कळप मान वर करून तुमच्याकडे बघू लागला की तिथेच थांबा. पाडसं सोबत असतील तर मागेच फिरा, फोटो राहिला तरी चालेल.