उघडीप मिळताच गव्हाणीखालचा ओला थर काढा

पावसाने चार दिवस उघडीप दिली की सगळे लक्ष खत आणि फवारणीकडे जाते, आणि गव्हाणीच्या पायथ्याशी उष्टा चारा, मूत व शेण कालवून झालेला थर तसाच कुजत राहतो. दुभत्या जनावरांचे दूध आटण्याची सुरुवात या थरातून होताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा चावऱ्या माश्या, डास व गोचीड रोग पसरवतात हे सर्वांना सांगितले गेले. लोकांनी जनावरांना लस टोचून घेतली, कडुनिंबाचा धूर केला, परंतु हा थर फार थोड्यांनी हलवला. धुराने माशी तेवढ्यापुरती दूर जाते, या थरातली तिची पैदास थांबत नाही.

काडीने हा थर तीन-चार बोटे उकरून पाहावा. वरून तो वाळलेला दिसतो. आत काळपट, आंबूस वासाचा चिकट लगदा असतो आणि त्यात पिवळसर पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. अंड्यापासून चावरी माशी तयार होण्यास उबदार हवेत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मोठ्या पावसानंतर बाराव्या-तेराव्या दिवसापासून गाई पुढचे पाय आपटू लागतात, हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. मात्र त्याआधी थर निघालेला असावा.

काढलेला थर कडक उन्हात बोटभर जाडीने पसरावा किंवा खताच्या ढिगाच्या मध्यभागी दाबावा. नीट तापलेल्या ढिगात आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते व अळ्या मरतात. कडेला मात्र त्या जगतात, म्हणून दर आठवड्याला कडेचे खत आत ओढावे. या ढिगावर कीटकनाशक मारण्याचा सल्ला दुकानदार हमखास देतात, तो ऐकू नये. माशीच्या कोषात अंडी घालणारे बारीक परोपजीवी कीटक तेथेच वाढतात आणि महागड्या बाटलीने आधी तेच मरतात. त्यापेक्षा सकाळी चार गावठी कोंबड्या ढिगावर सोडलेल्या बऱ्या.

इतर नेहमीची कामे:
– पाण्याचा हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, वाळवणे.
– मुताची नाली वाहती ठेवणे.
– जुने टायर, फुटके माठ, ताडपत्रीवरील पाणी काढणे.
– भिंतीच्या भेगा लिंपणे.

रिकामा करता न येणाऱ्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे पुरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केल्यास ते बहुधा विनामूल्य मिळतात, त्यामुळे विकत घेण्याची घाई करू नये. शेणमिश्रित डबक्यात मासे तग धरत नसतील, तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय, वापरावे. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील डबक्यात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळीच्या पोटात गेल्यावर तिचे आतडे निकामी करतो. मासे, जनावरे व मधमाश्यांना त्याचा अपाय होत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीची सर्वसाधारण मात्रा हेक्टरी ५ किलो, म्हणजे एका गुंठ्याएवढ्या पाण्याला सुमारे ५० ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी अशी आहे. पाकिटावरील मात्रा वेगळी असेल तर ती पाळावी. कोष काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही, म्हणून पंधरवडा चुकवू नये. आणि हे पिकावरील अळीसाठी मिळणाऱ्या बीटीपेक्षा वेगळे आहे. दुकानात नाव पूर्ण वाचूनच पाकीट घ्यावे.

आमच्या शेजारच्या वस्तीवर गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लावून जनावरे हौदाच्या काठावरच धुतली, आणि संध्याकाळपर्यंत सगळे गप्पी पाण्यावर पालथे तरंगत होते. असे औषध लावायचेच असेल, तर पशुवैद्यकाला विचारून, हौदापासून दूर आणि ओघळ पाण्यात जाणार नाही अशा जागी लावावे. गप्पी किंवा गंबुसिया (डासांच्या अळ्या खाणारा दुसरा मासा) ओढ्यात व नदीत सोडू नयेत. गंबुसिया तर तेथील स्थानिक माशांची अंडी व पिल्लेही खातो.