शिपमेट भेटणार आहेत : तयारीची यादी

एकेकाळी एकाच जहाजावर काम केलेल्या नौसैनिकांना, म्हणजे शिपमेटना, इतक्या वर्षांनी एकत्र आणायचं असेल तर सुरुवात जहाज काढण्यापासून करा. अक्षरशः कागदावर काढा. मोठा पांढरा कागद घ्या आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आठवतील तसे डेक (मजले), मेस (खलाशांची जेवायची-झोपायची खोली), इंजिन रूम, रेडिओ रूम, भटारखाना, शिड्या मांडत जा. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल. मग आपल्या मेसमध्ये शिरा आणि एकेका बंकवर बोट ठेवत विचारा, इथे कोण झोपायचं? नुसत्या कोऱ्या कागदावर नावं लिहायला बसलात तर दहा-बाराच्या पुढे गाडी जात नाही. जागेजागेनं चालत गेलात तर तीस-चाळीस वर्षांत एकदाही न आठवलेला माणूस अचानक वरच्या बंकवरून पाय खाली सोडून बसलेला दिसतो. अनेकांचं फक्त टोपणनाव आठवेल. तेच लिहा. खरं नाव दुसऱ्या कुणाला तरी आठवतं, म्हणून या कागदाचा फोटो सापडलेल्या पहिल्या दोघा-तिघांना लगेच पाठवा आणि त्यांच्याकडून रिकामे बंक भरून घ्या.

माणसं शोधताना निवृत्त नौसैनिकांच्या संघटनांकडे जावंच लागतं. तिथे थेट पत्ता मागू नका. आपलं पत्र बंद पाकिटात द्या आणि ते पुढे पाठवण्याची विनंती करा. पत्रात जहाजाचं नाव, वर्षं, मेस, आपलं नाव आणि टोपणनाव, एवढं पुरे. ज्याला यायचं असेल तो फोन करील. ज्याला नसेल त्याला शांत राहायचा हक्क आहे, आणि तो हक्क मी फार मोठा मानतो.

पहिला फोन कसा करायचा हेही यादीतच लिहून ठेवा. 'ओळख पाहू कोण बोलतोय?' हे वाक्य पूर्ण बंद. तुम्हाला ते लाडाचं वाटतं, पण पलीकडच्याला कदाचित पक्षाघात होऊन गेला असेल, किंवा त्याची स्मृती विरत चालली असेल, आणि त्या एका प्रश्नानं त्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. आपण होऊन सगळं सांगा : मी अमुक, अमुक जहाजावर तुझ्या खालच्या बंकवर होतो, तू मला या नावानं हाक मारायचास. बोलणं झाल्यावर घरच्या कुणाशी तरी दोन मिनिटं बोला. चालता किती येतं, ऐकू किती येतं, औषधांच्या वेळा काय, सोबत कोण येणार, हे तो स्वतः कधीच खरं सांगणार नाही.

जे गेले त्यांची यादी वेगळी करा आणि प्रत्येक नाव दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळा. त्यातलं एक ठिकाण शक्यतो घरचंच असू द्या. जिवंत माणसाचं नाव त्या यादीत वाचलं गेलं तर त्या दुपारचं पुढे काहीही सावरत नाही. गेलेल्यांच्या पत्नींना बोलवायचं ते शोकसभेला बोलावल्यासारखं नाही, तर त्या मेसच्या हक्काच्या माणूस म्हणून. महिनोन्‌महिने समुद्रावर असताना लिहिलेली पत्रं त्यांच्याकडे असतात, आणि आम्ही एकमेकांपासून लपवलेलं पुष्कळ काही त्या पत्रांत असतं. त्यांना कोपऱ्यात बायकांच्या घोळक्यात बसवू नका. नवऱ्याच्या टेबलावर, त्याच्या सोबत्यांमध्ये बसवा.

तारीख निदान सहा महिने आधी ठरवा, आणि एक दुपार नव्हे तर दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी सगळे मुलं, नातवंडं, गुडघे आणि रक्तदाब यांवर बोलतात. मनातलं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी निघतं, चहाचा कप हातात असताना, काहीच कार्यक्रम नसताना. ती सकाळ रिकामी ठेवा. भाषणं, सत्कार, शाली यांनी ती भरू नका.

आता जागेबद्दल, आणि इथे मी रेंगाळणार आहे. आमच्या पहिल्या भेटीत आम्ही मोठा हॉल घेतला होता, ध्वनिवर्धक, गाणी, सगळं यथासांग. इंजिन रूममधला आमचा एक सोबती दिवसभर हसत बसला होता. प्रत्येकाचा हात हातात घेत होता, मान डोलवत होता. महिनाभरानं त्याच्या पत्नीनं सांगितलं की त्याला त्या दिवशी एकही वाक्य ऐकू आलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी भेटलेला माणूस आमच्यात बसून एकटा परत गेला. तेव्हापासून जागा पाहायला गेलो की मी आधी टाळी वाजवून बघतो. आवाज घुमला तर जागा रद्द.

इंजिन रूममध्ये कान जातात त्याचं कारण साधं आहे. कानांना सुरक्षित मानली जाणारी आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ८५ डेसिबल. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आणि इंजिन रूममधला वॉच, म्हणजे कामाची पाळी, असायचा चार तासांचा. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी त्या आवाजानं मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे 'स', 'श', 'फ' अशी व्यंजनं. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतोय पण शब्द कळत नाही. समोरचा ओरडून बोलला तरी त्याचा उपयोग होत नाही. श्रवणयंत्र शब्दांबरोबर आजूबाजूचा गलकाही मोठा करतं. तेव्हा लहान खोली, पडदे, शक्य तर सतरंजी किंवा गालिचा. गोल टेबलं, एका टेबलावर सहा, फार तर आठ जण. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी मांडणी, कारण अनेक जण नकळत ओठ वाचत असतात. ज्याला कमी ऐकू येतं त्याची पाठ भिंतीकडे. संगीत नको, अगदी हळू आवाजातलंही नको.

टेबलं हुद्द्याप्रमाणे लावू नका, वर्षांप्रमाणेही नको. वॉचप्रमाणे लावा. दिवसाचे चार-चार तासांचे सहा वॉच झाले असते तर त्याच माणसाच्या वाट्याला रोज तेच तास आले असते, म्हणून दुपारी चार ते सहा आणि सहा ते आठ असे दोन तासांचे दोन डॉग वॉच पाडले आणि एकूण सात झाले. पाळी फिरत राहिली. पण जोडी तीच राहिली. मध्यरात्री बारा ते चार, मिडल वॉच, काळोख्या ब्रिजवर (जिथून जहाज हाकतात तिथे) किंवा बॉयलरसमोर शेजारी उभं राहून जे बोललं जातं ते माणूस आयुष्यात पुन्हा कुणाशी बोलत नाही. घरून आलेली वाईट बातमी, वडिलांशी झालेलं भांडण, लग्नाची भीती. त्या जोड्या शोधून शेजारी बसवणं हे मी या सगळ्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम समजतो. त्यासाठी प्रत्येकाला आधीच एक प्रश्न पाठवा : रात्रीच्या वॉचला तुझ्यासोबत कोण असायचं? उत्तर जवळजवळ सगळ्यांकडे असतं.

छातीवर लावायच्या पट्टीवर आजचं नाव, त्याखाली टोपणनाव आणि शेजारी त्या वेळचा फोटो. अक्षरं हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी.

जुने फोटो मागवताना सांगा की अल्बममध्ये चिकटलेला फोटो उपटू नका, पानासकट जसा आहे तसा त्याचा फोटो काढा. सुटे फोटो स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयवर. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलनं, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. आणि डोळ्यांबरोबर नाकासाठीही काही ठेवा : पितळ घासायचं पॉलिश लावलेली चिंधी, डांबर लावलेल्या दोराचा तुकडा. वासाची वाट मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. ती चिंधी हातात घेऊन एखादा कणखर माणूस गप्प झाला तर त्याला गप्प राहू द्या.

जहाज संग्रहालय झालं असेल तर तिथे जायचा मोह होतोच. लंडनमध्ये एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका १९७१ पासून, विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. पण बेलफास्टला नऊ डेक आहेत, आणि पाणबुडीतले दरवाजे वाकून, पाय उचलून ओलांडायचे. विशीत आपण त्या शिड्यांवरून धावायचो, आज गुडघे ते मानणार नाहीत. आधी कुणीतरी जाऊन शिड्या मोजा आणि खाली थांबणाऱ्यांबरोबर कोण थांबणार ते नावानिशी ठरवा. बहुतेक जहाजं मात्र भंगारात जातात. पहिली विमानवाहू विक्रांत संग्रहालय होऊनही शेवटी २०१४ मध्ये तोडायला गेली. तसं असेल तर तयारीच्या सुरुवातीला काढलेला तो जहाजाचा कागद भिंतीवर लावा. सगळे त्याच्यासमोरच उभे राहतील आणि पेन्सिल मागून दुरुस्त्या करतील.

एकच वादळ चार जण चार तऱ्हेनं सांगतील. वीस वर्षांच्या आसपासच्या आठवणी माणसाकडे इतर वयापेक्षा जास्त टिकतात, पण दर वेळी सांगताना त्या थोड्या बदलतातही. कुणी कुणाला खोटं पाडू नये, एवढं टेबलावरच्या एकाला आधीच सांगून ठेवा. एक फोन मध्ये ठेवून रेकॉर्डिंग करा, सगळ्यांची परवानगी घेऊन. कामाच्या गुप्त गोष्टी आजही गुप्तच, आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं नाही. जुन्या साहेबांना कुणाला 'सर' म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्या, कुणाला नाही वाटलं तर तेही ठीक. शिक्षा, अपघात, लढाई यांतलं काही अजून दुखत असेल तर बाजूला एक शांत खोली, दोन खुर्च्या. दारू सोडलेले सोबती असतील तर बैठक दारूशिवायच ठेवा.

बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांजवळ काम केलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट वेगळी सांगा. त्या काळच्या अनेक जहाजांवर नळ्यांवरचं वेष्टण ॲसबेस्टॉसचं होतं, आणि त्याचे आजार २० ते ५० वर्षांनी उघडे पडतात. धाप, जुना खोकला असेल तर डॉक्टरांना आपण जहाजावर कुठे काम केलं ते सांगावं. डॉक्टर आपण होऊन विचारतीलच असं नाही.

गेलेल्यांची नावं पहिल्याच दिवशी, सुरुवातीलाच वाचा. शेवटी ठेवलीत तर दोन दिवस सगळे त्या क्षणाला घाबरत राहतात. आधी वाचलीत तर मग त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलता येतं. नावांनंतर घंटेचे आठ ठोके, दोन-दोनच्या चार जोड्यांत, वॉच संपताना पडायचे तसे. मग जुना समूहफोटो हातात घेऊन त्याच क्रमानं उभे राहा आणि गेलेल्यांच्या जागा मोकळ्या सोडा. सरकून जवळ येऊ नका, छायाचित्रकार कितीही म्हणाला तरी.

ज्यांना येता आलं नाही त्यांची नावं आणि नंबर एका चिठ्ठीवर लिहून ज्या त्या वॉचच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या घाईआधी, तिथूनच फोन लावा. फोन टेबलाच्या मधोमध ठेवा, एका वेळी एकानंच बोला, सावकाश, आणि प्रत्येकानं आधी आपलं टोपणनाव सांगा.